खर्जाची हाव

उत्सवाच्या मांडवात गायन असले, की यजमान मंडळींपैकी कोणीतरी मिक्सरपाशी येऊन 'जरा बेस वाढवा' असे फर्मान सोडतेच, आणि कारभार पाहणारा साउंडवालाही भिडेखातर ते अमलात आणतो; अशाच एका मांडवात माझ्यादेखत जे घडले, त्याची हकीकत या कामात नव्याने पडणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नमूद करतो.

डग्ग्याचा घुमारा क्षीण वाटतो, एवढीच तक्रार होती. त्यावर १०० हर्ट्झच्या शेल्फचा नॉब थेट १२ डेसिबलपर्यंत फिरला. शेल्फचा स्वभाव असा, की नेमलेल्या सीमेखालचा अवघा प्रदेश तो सरसकट उचलतो. सबब डग्ग्यासमवेत फळ्यांवरची पावले, माइकवर आदळणारा वारा आणि वायरींतून शिरलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, ही सारी मंडळीही बलवत्तर झाली. शिवाय १२ डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यापुरती अँप्लिफायरकडे जवळजवळ सोळापट शक्तीची मागणी. मध्यंतरापूर्वीच एका बाजूचा स्पीकर घरघरून कायमचा बंद पडला. डग्गा होता तेथेच राहिला.

वास्तविक उणीव डग्ग्यात नव्हतीच. गायकाचा माइक ओठांना जवळजवळ टेकलेला होता, आणि एका दिशेचाच आवाज टिपणारा माइक तोंडाशी आला की खालचे स्वर फुगवतो, हा त्याचा धर्म. त्या फुगवट्यात डग्गा बुडून गेला होता. माइक चार बोटे मागे सारावा आणि उरलेली सूज गायकाच्या चॅनेलवर उतरवावी, हा खरा इलाज. याच कामी पॅरामेट्रिक इक्वलायझर उपयोगी पडतो. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीपुढे ज्या रचनेचा निबंध मांडला, तीत पट्ट्याचे केंद्र, त्याची वाढ-घट आणि रुंदी ठरवणारा क्यू या तिन्हींवर स्वतंत्र अंमल चालतो. एकूण आवाज अगोदर उतरवून मी अरुंद पट्टा सहा डेसिबल चढवतो व दीडशेपासून चारशे हर्ट्झपर्यंत सावकाश सरकवतो; जेथे आकार पिंपात गायल्यासारखा घुमतो, तेथे थांबून तोच पट्टा तीन-चार डेसिबल खाली आणतो आणि क्यू कमी करून त्याची रुंदी वाढवतो. अर्थात असा चढवलेला अरुंद पट्टा कोठेही कर्कशच लागतो, तेव्हा प्रत्येक कर्कश जागा दोषी ठरवण्याची घाई करू नये.

निवाडा करताना इक्वलायझर चालू-बंद करून ऐकावे, पण दोन्ही वेळी पातळी समान राखून. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि वाढवलेल्या नॉबची निम्मी कीर्ती या लबाडीवर उभी असते.

घरी ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक. समोरासमोरच्या दोन भिंतींत सुमारे ३.४ मीटर अंतर असेल, तर ५० हर्ट्झचा स्वर त्यांच्या बरोबर मध्यावर जवळजवळ लोप पावतो. तो तेथे आणण्यासाठी इक्वलायझर कितीही चढवला तरी गडगडाट भिंतींपाशीच होतो. अशा वेळी खुर्चीच मध्यावरून सरकवावी.