संस्थेचा संगणक दुरून चालविताना घ्यावयाची दक्षता



संस्थेच्या गोदामाची किल्ली कोणाच्या हाती असावी, याविषयी आपली गावे नेहमीच सावध राहिलेली आहेत. किल्ली कोणी नेली, केव्हा परत केली, याची विचारणा पंचमंडळी न चुकता करतात. परंतु आज संस्थेचे खरे धन गोदामाबरोबरच संगणकातही असते. सभासदांचे पीककर्ज, भागभांडवल, खरेदी केलेल्या मालाची वजने आणि द्यावयाच्या रकमा हे सर्व त्यात नोंदलेले असते. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. त्यामुळे हा प्रश्न आता शहरांपुरता राहिलेला नाही.

संगणक बिघडला की तो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ दर वेळी गावी येऊ शकत नाही. तो आपल्या जागी बसून, इंटरनेटच्या द्वारे, आपला संगणक चालवितो. यामुळे वेळ व खर्च वाचतो, आणि खरेदीच्या हंगामात काम अडून राहत नाही. ही सोय सोडून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती कोणत्या शिस्तीने वापरावी, एवढेच या पाठात सांगावयाचे आहे.

दुरून संगणक कसा चालतो?

याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर सुरू केला जातो. त्यावर एक क्रमांक दिसतो. तो तंत्रज्ञास सांगितल्यावर त्याची विनंती पडद्यावर येते आणि आपण होकार दिला की जोडणी होते. त्यानंतर आपल्या पडद्यावरील सर्व काही त्यास दिसते, आणि आपला माऊस व कळफलक तो तिकडून चालवू शकतो. हा प्रवेश आपल्या समक्ष व आपल्या होकाराने मिळतो.

दुसऱ्या प्रकारात त्याच प्रोग्रॅममध्ये कायमचा पासवर्ड ठरवून ठेवलेला असतो. मग समोर कोणी नसतानाही, रात्री-अपरात्री, तो पासवर्ड जाणणारा मनुष्य आत येऊ शकतो. त्यासाठी संगणक चालू असणे तेवढे पुरते.

तिसऱ्या प्रकारात विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप ही सोय वापरतात. घरून काम करता यावे म्हणून काही जण राऊटरमधून ३३८९ क्रमांकाचे द्वार थेट इंटरनेटवर उघडे ठेवतात. अशी उघडी द्वारे शोधत फिरणारे आणि पासवर्डमागून पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्रॅम जगभर अहोरात्र चालू असतात. आपले गाव लहान आहे, आपल्याकडे कोण येणार, हा समज येथे उपयोगी पडत नाही. कारण शोधणाऱ्यास गाव दिसत नाही, केवळ उघडे द्वार दिसते.

एका संस्थेतील अनुभव

आमच्या कार्यक्षेत्रातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत तुरीच्या खरेदीच्या काळात घडलेली हकीकत येथे देणे योग्य होईल. हिशेबाचा प्रोग्रॅम बसविणाऱ्या तंत्रज्ञाने दुरुस्तीच्या सोयीसाठी संगणकावर कायमचा पासवर्ड ठेवला होता. पुढे त्या तंत्रज्ञाने ती नोकरी सोडली. पासवर्ड मात्र दोन वर्षे तोच राहिला. तो किती जणांना ठाऊक आहे, हे संचालकांपैकी कोणीही सांगू शकत नव्हते.

एके दिवशी सकाळी लेखनिक ताईंनी संगणक उघडला, तेव्हा हिशेबाची एकही फाईल उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी करणारा मजकूर होता. हिशेबाची प्रत ठेवलेली डिस्क संगणकालाच जोडलेली असल्यामुळे तीही त्याच कुलपात अडकली. संचालक मंडळाने पैसे न देण्याचे ठरविले. मग शेतकऱ्यांना बोलावून त्यांच्याकडील वजनकाट्याच्या पावत्यांवरून सर्व हिशेब पुन्हा लिहून काढावा लागला. या कामास नऊ दिवस लागले. ज्यांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या रकमा लवकर लागल्या. ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांना हमालांच्या व शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागले. एका वृद्ध शेतकऱ्याने सर्वांसमक्ष विचारले, “माल मी तुमच्या काट्यावर घातला, आता तो घातला हे मीच कसे सिद्ध करू?” या प्रश्नाचे उत्तर तेथे कोणाजवळही नव्हते.

या प्रसंगी कोणाचीही लबाडी सिद्ध झाली नाही. संस्थेतील माणसे प्रामाणिक होती. चूक एवढीच झाली की किल्ली दिली गेली, पण ती परत घेण्याची व्यवस्था केली गेली नाही.

अशी चूक लहान संस्थांकडूनच होते असेही नाही. अमेरिकेच्या पूर्व भागास इंधन पुरविणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये काही दिवस बंद ठेवावी लागली. तेथे घुसखोरांना वाट मिळाली ती दुरून प्रवेश करण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते खाते वापरात असावयास नको होते, आणि त्यास केवळ पासवर्डचे संरक्षण होते. दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लक्ष डॉलर इतकी खंडणी दिली. न वापरलेले, पण बंद न केलेले दार किती महाग पडते, हे यावरून ध्यानात येईल.

पाळावयाचे नियम

१. प्रवेश कोणास द्यावयाचा हे संचालक मंडळाने ठरवावे. तंत्रज्ञाचे नाव, त्याची कंपनी व त्याचा दूरध्वनी क्रमांक कराराच्या कागदावरून वहीत लिहून ठेवावा. प्रत्येक वेळी दिनांक, कामाचे कारण, सुरू केल्याची व बंद केल्याची वेळ नोंदवावी आणि हजर असलेल्या कर्मचाऱ्याने सही करावी. गोदामाच्या किल्लीची नोंद ठेवतो, तशीच ही नोंद होय.

२. शक्यतो पहिल्याच प्रकारचा, म्हणजे समक्ष होकार देऊन उघडावयाचा प्रवेश द्यावा. काम चालू असताना कर्मचाऱ्याने जागा सोडू नये. काम संपताच जोडणी तोडून प्रोग्रॅम बंद करावा. कायमचा पासवर्ड ठेवलेला असल्यास तो आजच काढून टाकावा.

३. कायमचा प्रवेश ठेवणे अपरिहार्यच असेल, तर पासवर्ड लांब व अन्यत्र न वापरलेला असावा. गावाचे नाव, संस्थेचे नाव किंवा १२३४ यांसारखे आकडे त्यात नसावेत. पासवर्डखेरीज मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक आकड्याची दुसरी पडताळणीही सुरू करावी. मग पासवर्ड फुटला तरी केवळ त्याच्या बळावर कोणास सहज आत येता येत नाही.

४. राऊटरमधून रिमोट डेस्कटॉपचे द्वार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. ते उघडे आहे काय, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. ही सोय लागतच असेल, तर ती व्हीपीएन या सुरक्षित मार्गानेच वापरावी. व्हीपीएनलाही दुसरी पडताळणी असावी. वरील उदाहरणात उणीव होती ती हीच.

५. प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते व पासवर्ड स्वतंत्र असावे. एकच पासवर्ड सर्वांनी वापरल्यास कोणते काम कोणी केले हे कळत नाही, आणि निष्कारण सर्वांवर संशय येतो. रोजच्या हिशेबासाठी प्रोग्रॅम बसविण्याचा अधिकार नसलेले साधे खाते वापरावे.

६. दुरून काम चालू असताना बँकेचे संकेतस्थळ उघडू नये आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कोणास सांगू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, ज्यास आपण डोंगल म्हणतो, ते संगणकास लावून ठेवण्याची सवय पुष्कळ कार्यालयांत आहे. ही सवय घातक आहे. टोकन लावलेले असेल आणि त्याचा पिन संगणकात साठविलेला असेल, तर दुरून आलेला मनुष्य आपल्या नावाने स्वाक्षरी करू शकतो. सहीचा शिक्का आपण टेबलावर सोडून जात नाही, तसेच टोकनही काम होताच काढून कुलपात ठेवावे.

७. संगणकाची प्रणाली अद्ययावत ठेवावी. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे. अजूनही ती वापरणाऱ्या संस्थांनी बदलाची तरतूद अंदाजपत्रकात करावी.

८. हिशेबाची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर आळीपाळीने घ्यावी. प्रत घेताच डिस्क संगणकापासून काढावी आणि दोहोंपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. उगवणशक्ती न तपासता पेरलेल्या बियाण्यावर जसा भरवसा ठेवता येत नाही, तसाच न तपासलेल्या प्रतीवरही ठेवता येत नाही.

९. तंत्रज्ञ बदलला, कर्मचारी गेला किंवा करार संपला, की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे व पासवर्ड बदलावे.

दूरध्वनीवरून होणारी फसवणूक

“बँकेतून बोलतो आहे, तुमचे खाते बंद होणार आहे,” किंवा “अनुदान अडकले आहे, एवढे अ‍ॅप घ्या,” असे सांगून मोबाईलवर दुरून प्रवेश देणारे अ‍ॅप घ्यावयास लावणे, ही फसवणुकीची नित्याची रीत झालेली आहे. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाविषयी बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. अ‍ॅप स्वतः वाईट नसते; परंतु त्याचा क्रमांक सांगून होकार दिला, की समोरच्यास आपला पडदा दिसतो आणि त्यावर आलेला ओटीपीही दिसतो. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाईलींचाही असाच दुरुपयोग झालेला आहे. त्या उघडू नयेत व पुढेही पाठवू नयेत.

येथे एकच कसोटी लक्षात ठेवावी. आपण बोलाविलेल्या माणसासच दार उघडावे. जो न बोलाविता फोन करून दार उघडावयास सांगतो, त्यास ते उघडू नये, मग तो कोणत्याही कार्यालयाचे नाव सांगो. शंका आल्यास फोन ठेवावा आणि वहीतील क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करावी.

चूक घडलीच तर

माऊस आपोआप हलू लागला, पडदा एकाएकी काळा झाला किंवा फाईली उघडेनाशा झाल्या, तर प्रथम इंटरनेटची तार काढावी अथवा राऊटर बंद करावा. नंतर दुसऱ्या दूरध्वनीवरून बँकेस कळवून खाते गोठवावयास सांगावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ते थोपविता येण्याची आशा असते. पासवर्ड बदलावयाचे ते त्या संगणकावरून न बदलता दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्यांनी व शासकीय कार्यालयांनी अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाच्या आहेत. शेतकरी उत्पादक कंपनी हीही कंपनीच होय, हे तिच्या संचालकांनी विसरू नये.

चूक करणाऱ्या कर्मचाऱ्यास त्या वेळी रागावू नये. शिक्षेच्या भीतीने घटना लपविली गेली, तर नुकसान वाढते. ज्याने तत्काळ सांगितले, त्याने संस्थेवर उपकारच केले असे समजावे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील सेवा सोसायटीस व उत्पादक कंपनीस एकदा भेट द्यावी आणि गटसचिवांना किंवा व्यवस्थापकांना पुढील चार प्रश्न विचारावेत.

संगणकात दुरून येऊ शकणाऱ्या माणसांची नावे सांगता येतील काय?
त्यांपैकी काम सोडून गेलेला कोणी आहे काय?
हिशेबाची प्रत या क्षणी संगणकास जोडलेली आहे की वेगळी ठेवलेली आहे?
ती शेवटची केव्हा उघडून पाहिली?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर पुढील मासिक सभेत हा विषय घेण्यास सांगावे. शेतकरी बंधूंनीही विक्रीची पावती रक्कम खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवावी, आणि वार्षिक सभेत वरील प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. संगणक संस्थेचा असला, तरी त्यातील हिशेब सभासदांच्या घामाचा आहे. त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.