जर्मन गाड्यांची तुलना : शिक्का पाहावा की माल?

कापडाच्या पेठेत दोन तऱ्हेची गिऱ्हाइके येतात. एक थानाच्या काठावरचा मिलचा शिक्का वाचून पैसे मोजतो, दुसरा कापड बोटांत चोळून, उजेडाला धरून सूत पाहतो. गाड्यांच्या बाबतीत मात्र भलेभले व्यापारी पहिल्या पंगतीत जाऊन बसतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात पुण्या-मुंबईच्या महागड्या गाड्या उतरतात, त्या पाहून आमच्या पेठेतली तरुण मंडळी जुन्या बाजारातली मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू घ्यावी का, असे विचारू लागली आहेत. म्हणून हा विषय.

जर्मनीच्या तीन कंपन्या, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी, एकाच गिऱ्हाइकामागे लागलेल्या आहेत. चार दरवाजांची, घरच्या माणसांना घेऊन जाणारी, तरीही शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी सेडान त्याला हवी असते. बीएमडब्ल्यूने १९८५ मध्ये पहिली एम५ आणली. सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती, आणि दिसायला साध्या ५ सिरीजसारखीच.

मर्सिडीजचा जबाब १९९० मध्ये आला : ५०० ई. आठ सिलिंडरचे पाच लिटरचे इंजिन, ३२६ अश्वशक्ती. या गाडीची कहाणी आम्हा व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिची बॉडी रुंद करावी लागली आणि ती मर्सिडीजच्या स्वतःच्या कारखान्यातल्या लाइनवर मावेना. जवळच, श्टुटगार्ट शहरात, पोर्शेचा कारखाना होता. पोर्शेची अमेरिकेतली विक्री घसरली होती आणि हाताला काम हवे होते. मग बॉडी पोर्शेकडे जोडायची, रंगासाठी मर्सिडीजकडे न्यायची आणि जुळणीला पुन्हा पोर्शेकडे आणायची, असा सिलसिला चालला. आपण ज्याला जॉबवर्क म्हणतो तेच हे. एवढ्या नामांकित कंपनीला दुसऱ्याच्या दारात काम करण्याची लाज वाटली नाही. पुढे १९९४ मध्ये ऑडीची आरएस २ ही गाडीही पोर्शेच्याच मदतीने तिथे तयार झाली.

ऑडीचा रस्ता वेगळा होता. १९८० पासून तिने क्वाट्रो नावाने चारही चाकांना ओढ देण्यावर भर दिला. इतर दोघे मागच्या चाकांच्या ओढीवर अडून होते. मागच्या चाकांच्या गाडीत चालवणाऱ्याला मजा जास्त, पण ताकद वाढली आणि रस्ता ओला असला की चाक घसरते. अखेर मर्सिडीजच्या ई ६३ ला २०१३ मध्ये चार चाकांची ओढ मिळाली, एम५ ला २०१७ मध्ये. ज्याला नावे ठेवली त्याचाच माल शेवटी दोघांनी दुकानात मांडला!

आजची एम५ पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालते, ७२७ अश्वशक्तीची आहे. पण वजन जवळजवळ अडीच टन. पहिली एम५ दीड टनाच्या आतली होती. २०२४ च्या अखेरीस ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत १ कोटी ९९ लाख होती. आणि समृद्धी महामार्गावर कमाल वेग १२० च आहे.

आता कामाची गोष्ट. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या गाड्या म्हणजे चाकणची ई-क्लास, चेन्नईची ५ सिरीज आणि औरंगाबादजवळच्या शेंद्र्याची ऑडी. यांच्यातल्या कित्येकांवर ‘एम स्पोर्ट’ किंवा ‘एएमजी लाइन’ असे लिहिलेले असते. तो बहुतेक बाहेरचा साज : बंपर, चाके, स्टिअरिंग. आतले इंजिन साध्या गाडीचेच. त्यात गैर काही नाही, कंपनी ते लपवतही नाही. पण जुन्या बाजारात हाच शिक्का दाखवून भाव चढवला जातो, आणि सुटा बिल्ला तर कुठल्याही दुकानात मिळतो. चासिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे. गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनासह निघाली ते तिथे कळते. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनचा खर्चही त्याच दिवशी लिहून घ्यावा. गाडी जुनी झाली तरी सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाचे असतात.

पैशाचेही पाहू. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, सौदा ६५ कोटींचा. एकजुटीने भाव पाडून घेण्याची ही हिकमत आम्हाला आवडते. सूत आणि कापड घेताना आपण ती का वापरत नाही, हा प्रश्नच आहे. मात्र त्या सौद्यात बँकेच्या कर्जाचा वाटा मोठा होता, आणि व्याजाबाबत आपला दीन काय सांगतो ते वाचकांना सांगायला नको. रोखीने घेणाऱ्यानेही एवढे पाहावे : आषाढीच्या मालाचे पैसे ज्येष्ठातच मोजावे लागतात. ते भांडवल गाडीत गेले, तर वारी दारात आल्यावर फळ्या रिकाम्या राहतात.