पिकअपमागचा ट्रेलर : ब्रेक कंट्रोलर घेताना काय पाहावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात फरशी बसविण्याचे काम करतो. इतकी वर्षे तो दुसऱ्याच्या हाताखाली होता. आता स्वतः ठेके घेऊ लागला आहे. त्यासाठी त्याने एक जुनी पिकअप आणि दोन आसांचा ट्रेलर विकत घेतला. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत; परंतु ते चालविणारा कंट्रोलर पिकअपमध्ये नाही. दुकानदाराने दोन प्रकार दाखविले. एक स्वस्त, दुसरा त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा. "दोन्हींनी ब्रेक लागतो, मग जास्त पैसे कशाला घालवायचे?" असे मुलगा विचारतो आणि वडील आम्हाला विचारतात.

आपल्याकडे पिकअपचा माल तिच्या स्वतःच्या हौद्यातच जातो. मागे ट्रेलर जोडून रोज हमरस्त्यावर धावण्याचा प्रकार फारसा नाही. त्यामुळे या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांचा अनुभव मुलांच्या उपयोगी पडत नाही. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मात्र सुतार, वेल्डर, रंगारी, खाद्यपदार्थ विकणारे यांची रोजी ट्रेलरवरच चालते. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो : रोज वजनदार माल ओढणाऱ्याने स्वस्तातला कंट्रोलर घेऊ नये. का, ते पुढे पाहू.

प्रथम हा ब्रेक चालतो कसा ते समजून घेतले पाहिजे. ट्रेलरच्या चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युत चुंबक असतो. पिकअपमधून त्याला वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो व त्याच्याबरोबर ओढला जातो. त्या ओढीने एक दांडा फिरतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. वीज जास्त तर ब्रेक जोरात, वीज कमी तर ब्रेक हलका. म्हणजे ट्रेलर किती जोराने थांबायचा हे सर्वस्वी विजेच्या प्रमाणावर ठरते. आणि ते प्रमाण ठरविणारी, चालकाच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली बसविलेली छोटी पेटी म्हणजे कंट्रोलर.

आता दोन प्रकारांतील फरक. स्वस्त प्रकार वेळेवर चालतो. आपण पेडलवर पाय ठेवला की स्टॉप लाइटच्या वायरमधून त्याला खबर मिळते. मग तो ठरलेल्या गतीने वीज वाढवीत नेतो आणि आपण ठरवून दिलेल्या मर्यादेवर येऊन थांबतो. पाय हळू ठेवला की कचकन दाबला, हे त्याला कळतच नाही. सिग्नलपाशी आपण अलगद थांबत असतो, तेव्हा एक-दोन सेकंदांनी ट्रेलर पूर्ण जोराने मागे खेचू लागतो व गाडीला हिसका बसतो. हे एक वेळ सहन करता येईल. परंतु समोर अचानक कोणी आले आणि आपण पूर्ण ब्रेक मारला, तर पिकअप लगेच थांबू लागते आणि ट्रेलरचा ब्रेक मात्र अजून वाढतच असतो. ताशी ६० मैल वेगाने गाडी एका सेकंदात ८८ फूट, म्हणजे सुमारे २७ मीटर जाते. त्या सेकंदात मागचे सगळे वजन पिकअपला ढकलीत असते. गाडी किंचित वळलेली असेल, तर ट्रेलर बाजूला सरकून पिकअपला कात्रीसारखा दुमडतो.

दुसऱ्या प्रकाराला प्रमाणशीर म्हणावे. त्यात गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे ओळखणारी योजना असते. पूर्वी त्यासाठी आत लंबक असे व पेटी अगदी समपातळीत बसवावी लागे. चढ-उतारावर तो लंबक थोडा फसतही असे. आता बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. पिकअप हळू थांबत असेल तर ट्रेलरला थोडी वीज, झपाट्याने थांबत असेल तर जास्त वीज. दोन्ही वाहने एकाच मापाने थांबतात, आणि त्यामुळे पिकअपचे ब्रेकसुद्धा लवकर झिजत नाहीत. अमेरिकेत टेकॉन्शा आणि कर्ट या कंपन्यांचे असे कंट्रोलर सर्वत्र मिळतात.

या मुलाचा हिशेब मांडून पाहा. दोन आसांच्या मालवाहू ट्रेलरची सर्वसाधारण मर्यादा ७००० पौंड, म्हणजे सुमारे ३१७५ किलो असते. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही आले. ट्रेलर २००० पौंडांचा धरला तर मालाला ५००० पौंड उरतात. फरशी, सिमेंटची पोती आणि कापण्याचे यंत्र भरले की एवढे वजन व्हायला वेळ लागत नाही. सव्वातीन टन मागे असताना पेडलचा जोर न ओळखणारी पेटी लावून जी बचत होते, ती एका टायरच्या किमतीएवढीही नसते.

मग स्वस्त प्रकार कोणी घ्यावा? वर्षातून चार-दोनदा रिकामी बोट किंवा हलका ट्रेलर जवळच्या जवळ न्यायचा असेल, तर त्यांचे भागते. तो कसाही तिरका बसविला तरी चालतो, ही त्याची सोय. खडबडीत कच्च्या रस्त्यावर गाडी सावकाश चालत असताना प्रमाणशीर कंट्रोलर ट्रेलरला फारच थोडा ब्रेक देतो, ही त्याचीही एक उणीव आहे. ऑस्ट्रेलियात असे रस्ते पुष्कळ. तेथील रेडार्क कंपनीच्या टो-प्रो एलिट कंट्रोलरमध्ये म्हणूनच दोन्ही पद्धती ठेवल्या आहेत : हमरस्त्यावर प्रमाणशीर आणि कच्च्या रस्त्यावर चालकाने हाताने ठरविलेली.

विकत घेण्यापूर्वी आपली पिकअप नीट तपासावी. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी गाड्यांपासून कारखान्यातच कंट्रोलर बसवून द्यायला सुरुवात केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तेच केले. स्टिअरिंगच्या बाजूला अधिक-उणे खुणांची बटणे व एक छोटी सरकती कळ दिसली तर काम झालेले आहे. दुसरा घेण्याचे कारण नाही. काही गाड्यांत कंट्रोलर नसतो, पण डॅशबोर्डखाली त्याच्यासाठी प्लग तयार असतो. त्या गाडीची तयार वायर विकत मिळते आणि तासाभराचे काम पाच मिनिटांत होते. जुनी गाडी घेताना या दोन गोष्टी पाहूनच भाव करावा.

प्लगही नसेल तर चार वायरी ओढाव्या लागतात. काळी बॅटरीच्या अधिक टोकाला, पांढरी उणे टोकाला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला आणि निळी मागे ट्रेलरच्या ब्रेककडे. लाल वायर स्विचच्या अशा बाजूला जोडावी जिथे पेडल दाबल्यावरच वीज येते. ती कायम वीज असलेल्या बाजूला जोडली गेली तर ब्रेक लागलेलेच राहतील. काळ्या वायरीत सर्किट ब्रेकर हवाच. एक-दोन आसांना २० अँपिअरचा, तीन-चार आसांना ३० अँपिअरचा. प्रत्येक चुंबक पूर्ण जोरात सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे चार चाकांचे १२ झाले. एवढी वीज बारीक वायरीतून वीस-पंचवीस फूट नेली तर वाटेतच घटते. पांढरी वायर जवळच्या एखाद्या स्क्रूला अडकवून मोकळे होणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पुढे ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही, आणि मालक कंट्रोलरला दोष देत बसतो. दोष अर्थिंगचा असतो. किती चाकांचे ब्रेक तो कंट्रोलर चालवू शकतो हे खोक्यावर छापलेले असते, तेही वाचावे. ट्रेलरला विजेवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्यांना चालणारा कंट्रोलर वेगळा पाहावा लागतो.

भाड्याच्या किंवा वेगवेगळ्या गाड्यांनी ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी मोबाइल फोनवरून चालणारे कंट्रोलर आता निघाले आहेत. ते ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगलाच जोडले जातात व गाडीत वायर ओढावी लागत नाही. सोय चांगली आहे. पण घाईच्या क्षणी हाताखाली कळ असणे आणि फोनचा पडदा शोधणे यांत आम्हाला कळच पसंत आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. टेक्सासमध्ये एकूण वजन ४५०० पौंडांच्या वर गेले की ट्रेलरला ब्रेक लागतात. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ही मर्यादा ३००० पौंड आहे आणि कॅलिफोर्नियात राहण्याच्या (कॅम्पिंगच्या) ट्रेलरना तर १५०० पौंड. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १३६० किलो, ऑस्ट्रेलियात ७५० किलो. राज्य ओलांडून काम घेणाऱ्याने कडक मर्यादा धरून चालावे.

कंट्रोलर बसविला म्हणजे काम संपले असे नाही. त्याचा जोर लावून घ्यावा लागतो. माल भरून, कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैल वेगाने जावे आणि पिकअपचा ब्रेक न लावता कंट्रोलरची हातकळ पूर्ण दाबावी. चाके अडकून घसरली तर जोर कमी करावा. गाडी जेमतेम मंदावली तर वाढवावा. चाके अडकण्याच्या किंचित अलीकडे जो अंक येतो तो आपला. आता ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हा अंक भरलेल्या ट्रेलरचा आहे. फरशीवाला सकाळी भरून जातो आणि संध्याकाळी रिकामा परततो. तोच अंक ठेवला तर रिकामी चाके अडकतात, टायर एका जागी घासून सपाट होतात आणि ओल्या रस्त्यावर ट्रेलर आडवा जातो. म्हणून भरलेला व रिकामा असे दोन अंक चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत. या साध्या गोष्टीचा कंटाळा अनुभवी लोकसुद्धा करतात.

त्याच हातकळीचा दुसरा उपयोग जीव वाचविणारा आहे. मोठा ट्रक बाजूने गेल्यावर ट्रेलर डोलू लागला तर पिकअपचा ब्रेक मारू नये, वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि फक्त कळीने ट्रेलरचा ब्रेक हळूहळू लावावा. ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. ही कळ न बघता हाताला सापडेल अशाच जागी पेटी बसवून घ्यावी. गुडघा आपटतो म्हणून ती कोपऱ्यात ढकलू नये.

ट्रेलर सुटलाच तर काय? त्यासाठी ट्रेलरवर स्वतःची छोटी बॅटरी आणि पिकअपला तारेने बांधलेली एक पिन असते. पिन निघाली की ब्रेक आपोआप पूर्ण लागतात. अमेरिकेच्या नियमानुसार ते किमान १५ मिनिटे लागून राहिले पाहिजेत. जुन्या ट्रेलरवरील ही बॅटरी बहुधा मेलेली असते. पिन ओढून, चाक उचलून फिरते का ते पाहावे. पिनची तार साखळीला गुंडाळून ठेवू नये.

आता त्या मुलाला एक सूचना. ट्रेलर जुना आहे, तेव्हा कंट्रोलरवर पैसे घालण्यापूर्वी चारही चुंबक मल्टीमीटरने मोजून घ्यावेत. १२ इंची ड्रमच्या चांगल्या चुंबकाचा रोध साधारण ३ ओहमच्या थोडा वर दिसतो. शून्याजवळ दिसला तर आत शॉर्ट आहे, काहीच दिसले नाही तर तार तुटली आहे. ड्रम उघडले आहेत तर शूचे अंतरही लावून घ्यावे. आपोआप जुळणारे ब्रेक नसतील तर नवे शू पहिल्या २०० मैलांनंतर व पुढे दर ३००० मैलांनी हाताने जुळवावे लागतात. चारपैकी दोनच चाकांना ब्रेक लागत असतील, तर महागातला कंट्रोलर घेऊनही तो ट्रेलर अर्धाच थांबेल. सध्या हातात पैसे थोडे असतील तर आधी चुंबक बदलावेत, आणि कंट्रोलर येईपर्यंत माल पिकअपच्या हौद्यात बसेल तेवढाच न्यावा.