मुळांवरच्या गाठी आणि उसातले जिवाणू



लागणीची तयारी सुरू झाली की शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी भागात पहिली चौकशी होते ती युरियाची. पण आपल्या डोक्यावरच्या हवेत शंभरातले ७८ भाग नत्रच आहे. पिकाला ते जसंच्या तसं घेता येत नाही, एवढीच अडचण. कारखान्यात या नत्राचं खत करायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. हरभऱ्याच्या मुळावरचा रायझोबियम जिवाणू तेच काम आपल्या वावरात, भट्टी न पेटवता करतो.

१८८८ साली हॉलंडचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हा जिवाणू गाठीतून वेगळा काढला. तो मुळाच्या केसातून आत शिरतो. झाड त्याला गाठ बांधून घर देतं, पानात तयार झालेली साखर पुरवतं. जिवाणू बदल्यात नत्र देतो. सरळ अर्धलीचा व्यवहार. मात्र नत्र बांधणारं त्याचं द्रव्य प्राणवायूनं निकामी होतं, आणि जगायला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्यासारखं लाल द्रव्य तयार होतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेतानं सोडतं.

जमिनीत युरिया भरपूर असला की झाड वाटेकरी ठेवत नाही. आयतं मिळतंय तर साखर कशाला द्यायची? गाठी कमी येतात. उसात हरभऱ्याचं आंतरपीक घ्यायचं आणि त्याच सरीत सढळ हातानं युरिया टाकायचा, हे आम्हाला तरी पटत नाही.

उसाला गाठी येत नाहीत. त्याचा सोबती उसाच्या आतच, रसात राहतो. ब्राझीलमध्ये डॉ. योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तो उसातून शोधून काढला. आपण त्याला ॲसिटोबॅक्टर म्हणतो. इतर जिवाणू जिथं टिकणार नाहीत अशा गोड आणि आंबट रसात हा गडी खुशाल वाढतो! पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस अशी: हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवून बेणं ३० मिनिटं बुडवावं. त्यानं नत्राची ५० टक्के आणि स्फुरदाची २५ टक्के बचत होते.

“आम्ही करून पाहिलं, काही फरक पडला नाही,” असं सांगणारेही भेटतात. त्यांना आम्ही विचारतो, पाकीट कुठं ठेवलं होतं? पत्र्याच्या खोलीत, उन्हात तापलेलं पाकीट म्हणजे मेलेले जिवाणू. काहीजण बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच पिंपात कालवतात, तेही तसंच. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करा, बेणं सावलीत सुकवा, मगच जिवाणूंचं पाणी द्या.

जाता जाता गोठ्याचं. वाढ्यातला चोथा गाईला स्वतःला पचत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू तो पचवतात. चारा एकदम बदलला की त्यांची घडी विस्कटते. गळीत सुरू झालं म्हणून जनावर एका दिवसात वाढ्यावर आणू नका. आठ-पंधरा दिवसांत थोडं थोडं वाढवा.

हरभरा फुलावर येऊ लागला की दोन-चार रोपं खुरप्यानं मातीसकट उचला. उपटू नका, गाठी मातीतच राहतील. मुळं पाण्यात धुऊन एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.