अतिरेकवाचक आदानशब्द आणि वसईचा भाषिक संदर्भ

परकी सत्ता जितकी दीर्घ, तितके तिचे शब्दऋण अधिक सखोल, असे भाषासंपर्काच्या चर्चेत अनेकदा गृहीत धरले जाते. वसईचे उदाहरण हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडते. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे वसई पोर्तुगीज अमलाखाली होती. तथापि मराठीत रुळलेले पोर्तुगीज शब्द पाहिले, तर पाव, बटाटा, चावी, घमेले, फीत, लिलाव, पगार अशी ती बहुतांशी वस्तूंची वा व्यवहाराची नावे आहेत. रूढीबाहेरचे किंवा मर्यादेपलीकडचे दर्शविणारे कितीतरी शब्द मराठीने फारसीकडून आणि तिच्याद्वारे अरबीकडून घेतले.

इंग्रजीत हे कार्य फ्रेंचने केले आहे. 'बिझार' आणि 'उत्रे' हे शब्द इंग्रजीत आले ते अनुक्रमे सतराव्या आणि अठराव्या शतकांत. म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर कितीतरी काळाने. त्यांच्यामागे सत्ता नव्हती, प्रतिष्ठा होती. अर्थांतराची वाटही लक्षणीय आहे. 'बिझार'चे इटालियन मूळ 'रागीट' या अर्थाचे. मराठीतील 'गजब'चा अरबी मूलार्थही 'क्रोध' असाच. 'उत्रे'च्या मुळाशी 'पलीकडे' ही कल्पना आहे. 'बेहद्द'मध्येही हद्दीचा अभावच सूचित होतो.

मराठीने मात्र केवळ शब्द उचलले नाहीत, तर शब्द घडविण्याचे साधनही आत्मसात केले. 'बेसुमार', 'बेफाम' हे शब्द आयते आले. 'बेताल', 'बेछूट' यांत फारसी उपसर्ग मराठीतील शब्दांना जोडला गेला. 'तऱ्हेवाईक'मध्ये याच्या उलट अरबी शब्दाला 'नातेवाईक'मधील मराठी प्रत्यय लागला. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी राज्यव्यवहारसंज्ञांना संस्कृत पर्याय दिले. परंतु संज्ञेला पर्याय देता येतो, तसा रुळलेल्या उपसर्गाला देता येत नाही. कारण तो कोणा एका शब्दात नसून भाषेच्या घडणीत असतो.

वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या बोलींचा अभ्यास करताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. वस्तुनामांच्या याद्या करून या बोलींवर 'पोर्तुगीजमिश्रित' असा शिक्का मारणे शास्त्रीय नव्हे. त्या बोलींत आश्चर्य, निंदा आणि अतिरेक कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या प्रत्ययांनी व्यक्त होतात, हे आधी नोंदविले पाहिजे. वस्तू येते तेव्हा तिचे नाव तिच्याबरोबर येते. परंतु मर्यादा ओलांडल्याचा निवाडा बोलणारा ज्या शब्दांत करतो, त्यांवरूनच संपर्काची खोली कळते.