ऊस आपला, रस्ता आपला, पोरंही आपलीच



गळीत हंगाम तोंडावर आला की गटसभांतून तोडणीचा क्रम, नोंदीच्या तारखा, वाहतुकीचे दर यांवर भरपूर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ज्या रस्त्याने आपला ऊस गव्हाणीकडे जातो, त्याच रस्त्याने आपली मुले सायकलीवर शाळेला जातात, म्हातारी माणसे पहाटे डेअरीत दूध घालायला चालत जातात, बायका बाजाराला जातात. तोडणी कामगारांच्या खोप्या रस्त्याच्या कडेलाच असतात आणि त्यांची लहान लेकरे तिथेच खेळतात. या पायी आणि सायकलीवर जाणाऱ्यांचा विषय मात्र सभेत निघत नाही. म्हणून हा पाठ.

मागल्या हंगामात आमच्या गटातला नववीचा एक मुलगा संध्याकाळी शिकवणीहून सायकलीवर घरी येत होता. रस्त्यात पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. ड्रायव्हर मिस्त्रीला आणायला गेलेला. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना तांबडे फडके. समोरून आलेल्या मोटारीच्या दिव्याने पोराचे डोळे दिपले आणि तो सरळ ट्रॉलीवर आदळला. हात मोडला, पण जीव वाचला. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले, की ट्रॉलीतला ऊस त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या रानातला! आता दोष कुणाला द्यायचा? त्या दिवसापासून आम्ही काही सभासद या विषयाचा अभ्यास करू लागलो. जे उमगले ते येथे मांडतो.

पहिला हिशेब : रुंदीचा

गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्याची रुंदी बहुतेक ठिकाणी ३.७५ मीटर, म्हणजे सव्वाबारा फूट असते. कायद्याने वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत चालते. एवढ्या रुंदीचे वाहन रस्त्याच्या मधोमध चालले तर दोन्ही अंगांना दोन-दोन फूटसुद्धा डांबर उरत नाही. त्यातून उसाची टोके फूट-फूट बाहेर आली, की फूटभरही जागा राहत नाही. सायकलीची दांडीच दोन फुटांची. पॅडल मारताना सायकल थोडी हेलकावते, म्हणून तिला तीन-सव्वातीन फूट तरी लागतात.

मग सायकलवाल्याने जायचे कुठे? साइडपट्टीवर. पण पावसाने ती खचलेली, डांबराच्या कडेला वीतभर खड्डा आणि पुढे काटेरी बाभूळ. लोक सहज म्हणतात, "आवो, पोरांनी कडंनं चालवावं की!" कड शिल्लक असेल तर चालवतील ना!

दुसरा हिशेब : वेगाचा आणि उजेडाचा

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५. डिपर टाकलेल्या दिव्यात काळपट वस्तू साधारण ३० ते ४० मीटरवर दिसते. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हेच वाहन ताशी ३० ने चालले असेल तर सतरा-अठरा मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्याने जातात तिथे वेग ताशी ३० च्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

रिफ्लेक्टर दिव्याचा उजेड परत फेकतो, त्यामुळे तो शेकडो फुटांवरून चमकतो. आपण ज्याला रेडियम पट्टी म्हणतो ती ट्रॉलीच्या, बैलगाडीच्या आणि सायकलीच्याही मागे हवी. एका पट्टीचा खर्च उसाच्या एका मोळीएवढासुद्धा येत नसेल.

रस्ता मोटारीचाच, असे कुणी ठरवले?

आपल्या सातारा जिल्ह्यातच याचे उत्तर आहे. दर आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरून पंढरीला जाते. त्या दिवसांत वाहने दुसरीकडून वळवतात आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. कुणी तक्रार करत नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा त्या योजनेत वारकऱ्यांसाठी रस्त्याकडेने स्वतंत्र पायवाटही धरली गेली. चालणाऱ्याची जागा नकाशात आधी आखता येते, ती आखायची इच्छा मात्र हवी.

सायकलही आपल्याला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलीचे दुकान काढले. त्यातूनच पुढे उद्योग वाढला आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली.

परदेशात हॉलंड आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. मोटारी वाढल्या आणि १९७१ या एका वर्षात तिथे तीन हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेच्या वर मुले होती. तेव्हा आईबाप एकत्र आले. 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाचे नाव घेऊन त्यांनी चळवळ उभारली, रस्ते अडवले, सरकारला जाब विचारला. हळूहळू वेग कमी झाले आणि सायकलींसाठी वेगळ्या वाटा झाल्या. तिथली सुरुवात साध्या माणसांच्या मागणीने झाली.

अर्ज कुणाकडे द्यायचा?

आपले अर्ज बरेचदा चुकीच्या टेबलावर पडून राहतात. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते पाहावे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाचे काम प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाच्या महामार्ग शाखेकडे असते. धोक्याच्या जागांचा विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढेही नेता येतो.

अर्जात "रस्ता सुधारावा" एवढेच लिहून भागत नाही. कुठल्या शाळेपुढे, कुठल्या मोरीजवळ, किती फूट साइडपट्टी खचली आहे, तिथून रोज किती मुले जातात, हे मोजून लिहावे. ग्रामसभेचा ठराव जोडावा, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा जावे. चालणाऱ्यांना सुरक्षित पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. तेव्हा मागताना संकोच नको.

आपल्या हातातले काम

सरकारकडे मागण्याआधी आपल्या घरचे पाहू. कारखान्याचे मालक आपण आहोत. गटसभेत आणि वार्षिक सभेत आपण पुढील गोष्टी मांडू शकतो :

१) तोडणी-वाहतूक करारात अट घालावी. मागे रिफ्लेक्टर आणि चालू दिवा नसलेल्या वाहनाला केनयार्डात नंबर मिळू नये. बैलगाडीला रेडियम पट्टी कारखान्याने द्यावी.

२) उसाची टोके बाहेर ठेवून ट्रॉली भरू नये. हे फडावरच पाहावे लागते, आणि फडावर आपण स्वतः असतो.

३) शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेपुढून भरलेल्या ट्रॉल्या नेऊ नयेत. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावू नयेत. मागची सायकलीची घंटा ड्रायव्हरला ऐकू आली पाहिजे.

४) वाहन बंद पडले तर मागे-पुढे खूण ठेवावी. चाकाला लावलेले दगड निघताना उचलावेत. रस्त्यात राहिलेला दगड रात्री सायकलवाल्याला पाडतो.

५) फडातून वर आलेला चिखल आणि सांडलेला ऊस त्याच दिवशी बाजूला करावा. आपल्या बांधाकडची बाभूळ आपणच तोडावी.

६) घरातल्या मुलांना सांगावे, की ट्रॉलीच्या मागे लागून ऊस ओढायचा नाही, ट्रॉलीला धरून सायकल चालवायची नाही. सायकल डाव्या कडेने चालवावी. पायी जाताना पदपथ नसेल तर उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरचे वाहन दिसते.

अपघात झालाच तर जखमीला आधी दवाखान्यात न्यावे. पोलिसांच्या चौकशीची भीती धरू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

यावर काही सभासद म्हणतील, "हंगामात घाई असते, एवढं कोण बघत बसणार?" घाई आम्हालाही आहे. ऊस वाळला की वजन घटते हे आम्हीही जाणतो. पण ट्रॉली अर्धा तास उशिरा पोचली तर होणारे नुकसान भरून निघते. पोराचे तसे नाही.

येत्या मोळीपूजनाआधी प्रत्येक गटाने एक काम करावे. एका संध्याकाळी चार सभासदांनी टेप घेऊन गाव ते कारखाना रस्ता पायी चालावा आणि धोक्याच्या जागा वहीत लिहाव्यात. वाहनातून जे दिसत नाही ते पायी चालताना दिसते. ती वही गटसभेत वाचावी. पुढचा ठराव तिथूनच निघेल.