उन्हाची ढाल

सूर्य हा सर्व सजीवांचा पोशिंदा आहे. त्याच्या प्रकाशावर पिके वाढतात, आपल्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. परंतु अतिरेक झाला की तेच ऊन पोळते. हे पोळणे केवळ उष्णतेमुळे होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. हिमशिखरावर थंडीने कुडकुडणाऱ्या गिर्यारोहकाचाही चेहरा उन्हाने भाजून निघतो. असे का व्हावे?

सन १८०१ मध्ये योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि त्यात सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तो कागद अधिक लवकर काळा पडला. अशा रीतीने अदृश्य जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांचा शोध लागला. हेच किरण त्वचेतील पेशींना इजा करतात. त्वचा लाल होते, अकाली सुरकुतते. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने कर्करोगही उद्भवू शकतो. ताजा बर्फ यांपैकी शेकडा ८० पर्यंत किरण परतवतो. म्हणून गिर्यारोहकावर वरून आणि खालून असा दुहेरी मारा होतो.

निसर्गाने आपल्याला एक ढाल दिली आहे. ती म्हणजे त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य. सावळ्या त्वचेत ते अधिक असते. म्हणून ती उन्हाने कमी भाजते. तथापि ही ढाल अभेद्य नाही. तिला जोड म्हणून जो लेप लावतात, त्याला सनस्क्रीन म्हणतात. त्यातील द्रव्ये हे किरण बव्हंशी शोषून घेतात. डबीवरील ३० हा आकडा असे सांगतो, की लेप पुरेसा जाड लावल्यास त्वचा भाजणाऱ्या किरणांचा सुमारे तिसावा भागच आत शिरतो. घामाने व पाण्याने लेप निघून जातो. यास्तव उन्हात असताना तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा.

मुलांनो, हा लेप रंग उजळण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवा. सावळेपणा हा दोष नसून संरक्षण आहे, हे तुम्ही आताच पाहिले. तसेच लेप लावला म्हणून भर दुपारी उन्हात हिंडणे शहाणपणाचे नव्हे. शेतकऱ्याचे मुंडासे, डोईवरचा पदर, अंगभर सुती कपडे आणि झाडाची सावली यांचे मोल आजही कमी झालेले नाही. आधी सावली व वस्त्र, आणि उघड्या राहिलेल्या अंगाला लेप, हाच क्रम योग्य होय.